सात नारळांचं बेट

गाणं लागलं तेव्हा मिनीबसमधली सगळी माणसं दचकली, एक कुंदुझ सोडून. झालं ते एवढंच. बाकीचं सगळं माझ्या आतच झालं, आणि ते अजून थांबलेलं नाही. ड्रायव्हर तोवर रेडिओचं बटण उगाच इकडून तिकडे फिरवत होता. बातम्या, खरखर, कुणाचं तरी भाषण, पुन्हा खरखर. मधेच ते दोन सूर आले आणि मागच्या बाकावरून एक बाई ओरडली, "अहो बाइके, दादा, राहू द्या ना ते! वाढवा की जरा!" आणि त्या भल्या माणसाने एकदम इतकं वाढवलं की माझ्या डोक्यावर, टपाला ठोकलेला कर्णा फुटल्यासारखा ओरडला. समोरच्या बाईच्या मांडीवरचं तान्हं किंचाळून उठलं. दाराशी उभ्या म्हाताऱ्याच्या हातातून नानची पिशवी निसटली. मी स्वतः जागच्या जागी उडाले, कारण नऊ वर्षांनी ते गाणं कर्ण्यातून ऐकत होते. आणि कुंदुझ, तीन लोकरीच्या थरांत गुंडाळलेली, माझ्या मांडीवर बसून खिडकीच्या काचेवरच्या धुक्यात एका बोटाने रेघ ओढत होती. ती रेघ तिने सरळ खालपर्यंत ओढली. मधे कुठे जराही हलली नाही ती रेघ.

'बूट काढ, कोट काढ, इथे हिवाळा येतच नाही, सात नारळ मोजत बस, इथे संध्याकाळ होतच नाही.'

"बाहेर उणे चौदा, आणि हा म्हणतो कोट काढ," म्हातारा पिशवी उचलत म्हणाला. माणसं हसली. "गाणारा आपल्या तोकमोकचाच आहे," ड्रायव्हर आरशातून म्हणाला. "हल्ली टायरचं दुकान आहे त्याचं. माझे हे हिवाळी टायर त्याच्याकडचेच." "मग समुद्र कधी पाहिला त्याने?" "समुद्र कुठला आलाय! नारळ पाहिला असेल तो शांपूच्या बाटलीवर." पुन्हा हशा. मीही हसले. हसताना माझा हात कुंदुझच्या पाठीवर होता आणि त्या हाताने मी वाट बघत होते. आता वळेल. आता मान उचलेल. तिचंच गाणं आहे हे. या गाण्याशिवाय ती झोपत नाही. दुसऱ्या कडव्यात ती बेसूर तुतारी असते, तीही वाजून गेली. समोरच्या बाईने आपल्या रडणाऱ्या पोराला कुशीत दाबलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमची बाई गुणाची हो. ढिम्म नाही." मी म्हटलं, "हो, शांतच आहे ती." असं म्हणताना वाटलं, जिन्याची एक पायरी असेल असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

शांत. गेले अकरा महिने सगळे हेच म्हणताहेत. लग्नानंतर सहा वर्षं मूल नव्हतं, आणि झालं तर असं शांत, नशीब काढलंस म्हणतात. सकाळीच, लस टोचायच्या आधी, दवाखान्यातल्या नर्सने कागदावरून मान वर न करता विचारलं होतं, रांगते? हो. दात? चार. ऐकते? आणि मी, मी स्वतः, हौसेने म्हणाले होते, "हो तर! एक गाणं आहे, ते गुणगुणलं की रडणं जागच्या जागी बंद." नर्सने खूण केली. ती खूण माझ्या तोंडच्या शब्दाची होती. आता ते गाणं डोक्यावर कोसळत होतं आणि मला ती निळी खूण दिसत होती.

नऊ वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात हे गाणं इसिक-कुल तळ्याच्या काठावर दिवसभर वाजायचं. एकच उन्हाळा. पुढच्या वर्षी कुणाला आठवतही नव्हतं. मी एकोणीस वर्षांची, डोक्यावर रुमाल बांधून उकडलेली कणसं विकत वाळूतून फिरायचे. तिथे फोटोवाल्याचा एक उंट होता आणि एक नारळाचं झाड. लोखंडी नळीला तपकिरी प्लास्टिक गुंडाळलेलं, वर उन्हाने निळसर पडलेल्या झावळ्या. एका दुपारी वाऱ्याने ते आडवं झालं आणि वेल्डिंग करायला जो माणूस आला तो सामात. तोंडावरची काच वर करून त्याने माझ्याकडचं कणीस घेतलं. खांबावरच्या कर्ण्यातून सात नारळ चाललेच होते. मी म्हटलं, "गाण्यात तर सात आहेत. इथे एकच. बाकीचे सहा कुठे?" तो कणीस खात खात म्हणाला, "उभे करतो ना एकेक. घाई काय आहे?" तेवढ्यावर माझं लग्न झालं म्हणा ना. तो अजून उभे करतोच आहे. आता याकुत्स्कला गॅसच्या नळ्या जोडतो. तिथे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते म्हणतो. आणि मी इकडे त्याच्या आईच्या घरात, शहराच्या टोकाला, जिथे हिवाळाभर कोळशाच्या धुरात समोरचं कुंपण दिसत नाही, तिथे ते गाणं गुणगुणत राहिले. लाजत, हळू, कारण एवढी मोठी बाई असली गाणी म्हणते हे बरं दिसत नाही. म्हणून फक्त पाळण्यावर वाकून म्हणायचे.

पाळणा अपांच्या माहेरचा. अपा म्हणजे माझ्या सासूबाई. जमिनीवर डुलणारा लाकडी बेशिक, रंग उडालेला, बाळाला पाठीवर निजवून वरून पट्टे आवळायचे, डोकं दोन उशांत पक्कं बसवायचं, की मान इकडची तिकडे होत नाही. वरून आडवी दांडी. त्या दांडीवर ओणवं होऊन पाजायचं, तिलाच धरून डुलवायचं. कुंदुझला पहिल्यांदा त्यात बांधली तेव्हा ती निळी पडेस्तोवर रडली. मी तिच्या कानाशी गात होते, हुंदके देत गात होते, आणि ती थांबेना. तेव्हा अपा आल्या, म्हणाल्या, "तिथून नाही गं पोरी. दांडीला हनुवटी टेकव. तोंड मिटून गुणगुण. माझी आई असंच करायची." मी हनुवटी टेकवली. गुणगुणताना दात लाकडाला लागले आणि सगळी दांडी माझ्या डोक्यात मधमाशीसारखी घुमली. आणि कुंदुझ थांबली. अशी थांबली की पापण्यासुद्धा हलेनात. टक लावून वर बघत राहिली, जणू कुणीतरी लांबून तिचं नाव घेतलं होतं. तेव्हापासून रोज. दांडीला मधोमध बारीक बारीक खड्डे आहेत, कीड लागून गेली असेल असं मला वाटायचं, त्या खड्ड्यांवर माझे ओठ ठरून गेले होते.

मिनीबसमधून उतरून मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. तिला खांद्यावर टाकलं, तोंड मागे, आणि हाक मारली. कुंदुझ. काही नाही. हातमोजे काढून टाळी वाजवली तर ती वळली! मला रडू फुटणार, तेवढ्यात दिसलं की माझी सावली बर्फावर हलली होती, ती सावलीकडे बघत होती. पुन्हा, सावली नसलेल्या बाजूला. काही नाही. पुढच्या घराचं लोखंडी फाटक कुणीतरी आपटलं आणि तिचं अंग दचकलं. दचकलं, मी पाहिलं! पण मग फाटकाचा हादरा तर माझ्याही तळपायाला लागला होता. वीस पावलांच्या गल्लीत मी तिचे कान तिला दहादा परत दिले आणि दहादा हिरावून घेतले. एक शेजारीण कोळशाची बादली घेऊन चालली होती, ती थांबून बघायला लागली. मी टाळ्या वाजवत होते, भर थंडीत, एकटी, पोरीला खांद्यावर टाकून. "रविवारच्या सोहळ्याची तालीम का?" ती म्हणाली. मी म्हटलं, "हो."

रविवारी कुंदुझच्या पायातला दोर कापायचा होता. पहिलं पाऊल टाकायच्या सुमाराला बाळाच्या पायांत काळा-पांढरा दोर बांधतात, आळीतली पोरं लांबून धावत येतात, जो पहिला पोचेल तो कापतो, म्हणजे मग आयुष्यात पाय अडत नाहीत. नरिनहून माणसं यायची होती. अपा तीन दिवस बोरसोक, कणकेच्या फुगीर वड्या, तळत होत्या. मी आत गेले तेव्हाही कढई चुलीवर होती आणि अपांचे हात कोपरापर्यंत पिठाचे.

"टोचली सुई?"

"टोचली."

"रडली?"

"रडली."

"मग तू का असं तोंड करून आलीस? तुला टोचली का?"

मी कुंदुझला सतरंजीवर बसवलं, तिचे थर एकेक काढले. अपांच्या पाठीकडे बघत म्हणाले, "अपा, हिला ऐकू येतं का?"

झारा तेलात तसाच राहिला. एक बोरसोक लाल झालं, तपकिरी झालं, काळं व्हायला लागलं. अपांनी ते काढलंच नाही. मग एकदम सगळीच उपसून ताटात टाकले आणि म्हणाल्या, "वेडी झालीस. परवा कोंबडा आरवला तर कशी डोळे फाडून बघत होती."

"कोंबडा तिच्या समोर होता, अपा."

"हे बघ." त्यांनी झारा झाकणावर आपटला. कुंदुझने झाऱ्याकडे पाहिलं, हसली. "झालं समाधान?"

"तिला झारा दिसला."

"तुला हल्ली फारच दिसायला लागलंय. माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होईस्तोवर एक अक्षर बोलला नव्हता. आणि मग असा बोलायला लागला की हात जोडून थांबवावं लागे. काही मुलं सावकाश असतात."

या भावाविषयी मी आठ वर्षांत दोनदाच ऐकलं होतं. वरच्या कुरणावर मेंढ्या राखायचा, तरुणपणीच गेला. घरात त्याचा फोटो नाही. मी म्हटलं, "कानाचे डॉक्टर फक्त शुक्रवारी सकाळी असतात. उद्या शुक्रवार आहे."

"उद्या मेंढा कापायचाय."

"मी एकटी जाऊन येते."

"एकटी जाशील आणि सगळ्या आळीला दिसेल. परवा माणसं येतील, कुणीतरी विचारेल, कुठे गेली होती गं तुझी केलिन? आणि मग ते नाव होऊन चिकटेल पोरीला. तुला माहीत नाही, एकदा चिकटलं की मरेपर्यंत निघत नाही." त्या कणीक इतक्या जोराने मळत होत्या की परात सरकत होती. "रविवार होऊ दे. तोंड मिटून राहा."

"मग पुढच्या शुक्रवारी?"

"बघू."

हे 'बघू' मी ओळखते. मला मूल होत नव्हतं तेव्हा मी शहरातल्या डॉक्टरकडे जाऊ का विचारलं होतं, तेव्हा हेच 'बघू' तीन वर्षं चाललं होतं. केलिन, म्हणजे सून, म्हणून आलेली बाई वर तोंड करून बोलत नाही, मीही बोलले नव्हते कधी. पण आत काहीतरी सारखं धावत होतं, लांबून, दोराकडे धावणाऱ्या पोरांसारखं. पायातला दोर निदान दिसतो तरी. म्हणून कापता येतो.

तेवढ्यात सामातचा फोन आला, तोंड दिसणारा. त्याच्या भुवयांवर बर्फ होता. "माझी चिमणी कुठाय?" मी फोन कुंदुझपुढे धरला. ती उसळली, दोन्ही हात पुढे. "बघ, बघ, बाबाचा आवाज कसा ओळखते!" तो ओरडला, आणि नेहमीसारखं आपल्या फाटक्या आवाजात सुरू झाला, बूट काढ, कोट काढ. मागे त्याचे सोबती हसत होते, कुणीतरी म्हणालं, "तू काढून दाखव आधी!" कुंदुझ खिदळत होती. मी माझा हात हळूच पडद्यावर ठेवला. गाणं चालूच होतं, सात नारळ, मोठ्याने, माझ्या तळव्याखालून. कुंदुझचं हसू चेहऱ्यावर थोडा वेळ राहिलं, मग मावळलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. हाताच्या पाठीवरच्या शिरा निरखल्या. मग तिला चुलीतला जाळ दिसला आणि ती जाळाकडे बघायला लागली. तिचा बाप तिच्यापासून वीतभर अंतरावर तिच्यासाठी गात होता. "पेरिझात? अगं काळोख झाला इकडे. नेटवर्क गेलं का?" मी हात काढला नाही. म्हणाले, "हो. नेटवर्कच गेलं असेल." माझा आवाज साधा निघाला. तो म्हणाला, "रविवारी सगळं नीट रेकॉर्ड कर हं, दोर कापताना." मी म्हटलं, "करते." फोन बंद करून मी हात बघितला. अपा माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्या मळत नव्हत्या.

कुंदुझची झोपायची वेळ झाली होती. मी तिला आतल्या खोलीत नेलं, पाळण्यात निजवलं, पट्टे आवळले, उशा सारल्या. खिडकीतून दुपारचा धुरकट उजेड तिच्या तोंडावर पडत होता. मला जे करायचं होतं ते मी करायचं नाही असं अजून ठरवत होते, तोवर करायला लागलेही. आधी मी पाळण्यापासून दोन हात लांब उभी राहिले आणि गायले. लाज सोडून, पूर्ण आवाजात, बाहेर अपा ऐकतायत हे ठाऊक असून. दोन्ही कडवी. कुंदुझ कुरकुरत होती, ती कुरकुरतच राहिली, हात सोडवायला बघत. मग मी जवळ गेले, अगदी तिच्या उजव्या कानाशी, नंतर डाव्या. केसांवर माझा श्वास लागला तेवढी तिने मान ताणली, मग रडायला लागली. गाणं पूर्ण होतं, सूर बरोबर होता, शब्द बरोबर होते. ती रडत होती. मग मी गप्प झाले. दांडीवर ओणवी झाले, हनुवटी टेकवली, आणि नुसते ओठ हलवले. ती माझ्याकडे बघत रडत होती. किती वेळ मी तशी होते कोण जाणे, कारण पुढची पायरी एकच राहिली होती आणि ती खरी निघू नये म्हणून मी देवाची करुणा भाकत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं, हिने रडं थांबवू नये. थांबवू नकोस, सोन्या. रडत राहा. मी दात लाकडाला लावले आणि गुणगुणले.

ती थांबली. पापण्या स्थिर झाल्या. ओठ उघडे, त्यावर लाळेचा थेंब. पुन्हा कुणीतरी लांबून तिचं नाव घेतलं होतं. ते माझं गाणं नव्हतं तर. माझा आवाज तिच्या कानाने एकदाही घेतला नव्हता. लाकूड थरथरत होतं, आणि ते लाकूड तिच्या कवटीला, मणक्याला, टाचेला लागून होतं. अकरा महिने मी ज्याला ऐकणं म्हणत होते ते हे होतं. सात नारळ नव्हते, समुद्र नव्हता, काहीच नव्हतं. आणि तरीही ती थांबली होती, हेही खरं होतं. दोन्ही एकदम खरं होतं आणि मला दोन्ही एकदम धरता येत नव्हतं. मी गुणगुणायची थांबले तर ती रडेल म्हणून मी थांबले नाही. डोळ्यांतलं पाणी नाकावरून दांडीवर पडत होतं आणि मी तोंड मिटून, तोकमोकच्या त्या टायरवाल्याचं गाणं, कोट काढ, कोट काढ, करत राहिले.

दारात अपा होत्या. कधीपासून होत्या ठाऊक नाही. पिठाचे हात पुढे धरून, ते कुठे पुसावेत हे न कळल्यासारख्या. मला वाटलं, आता ओरडतील. मी तोंड उचललं. म्हणाले, "मी उद्या जाणार, अपा. मेंढा कापा, माणसं येऊ देत, कुणाला काय सांगायचं ते सांगा. मी जाणार." एवढं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. कुंदुझ पुन्हा रडायला लागली होती.

अपा आत आल्या. गुडघे धरत पाळण्यापाशी बसल्या. नजर दांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "जूमार्त."

मला कळलं नाही.

"माझा भाऊ. जूमार्त नाव होतं. नाव कुणी घेतच नसे, मुका म्हणायचे. तो पाचव्या वर्षी बोलला नाही गं. तो बोललाच नाही. कधीच." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, कोळसा आणायला सांगतानाचा. "पाहुणे यायचे असले की त्याला वर कुरणावर पाठवायचे. माझ्या लग्नातसुद्धा. मी वरात निघताना वळून बघितलं, तर टेकडीवर घोड्याच्या मानेला कान लावून उभा. सारखा तसाच उभा राहायचा. आम्ही म्हणायचो, घोड्याचं वेड आहे." त्यांनी पिठाचं बोट दांडीच्या मधोमध ठेवलं, त्या खड्ड्यांवर. "कीड नाही ती. आईचे दात आहेत. तीन वर्षांचा झाला तरी त्याला यातच निजवायची. दिवसभर मेंढ्यांचं करून यायची आणि इथे दात रोवून गुणगुणायची. आईला कळलं होतं. तिने सांगितलं नाही कुणाला. मलाही नाही. हनुवटी टेकव, एवढंच शिकवलं."

"आणि तुम्ही मला शिकवलंत."

"शिकवलं. आणि पहिल्याच दिवशी ती जशी थांबली ना, तसं थांबणं मी ओळखत होते." त्या माझ्याकडे बघेनात. "अकरा महिने ओळखत होते."

मला त्यांचा इतका राग आला की कानशिलं तापली, आणि त्याच क्षणी मला त्यांचे पिठाने पांढरे झालेले हात दिसले, म्हाताऱ्या पोरीसारखे मांडीवर ठेवलेले. कुंदुझ रडून रडून लाल झाली होती. मी पुढे वाकले, पण अपांनी मला कोपराने बाजूला सारलं.

"कसं आहे ते तुझं गाणं? ते नारळवालं?"

"अपा..."

"सांग की. रोज भिंतीआडून ऐकते, शब्द काही कळत नाहीत. म्हणे कोट काढ. निमोनिया होईल." आणि त्यांनी पदरासारखं डोक्यावरच्या रुमालाचं टोक मागे टाकलं, वाकल्या, पुढचे दोन सोन्याचे दात दांडीवरच्या खड्ड्यांत ठेवले आणि गुणगुणायला लागल्या. सूर पार चुकीचा होता. निम्मं माझं गाणं, निम्मं कुठलंसं मेंढ्या हाकायचं. मी दांडीवर हात ठेवला. ती माझ्या हाडापर्यंत घुमत होती. कुंदुझ थांबली. तिने डोळे वर केले, आणि यावेळी त्या डोळ्यांना कळलं असावं की आज कुणीतरी वेगळं आहे, कारण भुवईच्या मधोमध एक बारीक आठी पडली. मग ती हळूहळू सुटली.

अपांनी दात उचलले तेव्हा लाकडावर ओल होती. ती त्यांनी पिठाच्या बोटाने पुसली, त्यामुळे तिथे एक पांढरा डाग राहिला.

"डॉक्टर किती वाजता बसतो?"

"नऊला."

"मेंढा दुपारी कापला तरी चालतो," अपा म्हणाल्या, आणि उठायला माझ्या खांद्याचा आधार घेतला.